तू कोनाचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात लग्न होतं. धाकट्या भावाच्या मुलीचं. आम्हा आगऱ्यांच्या घरी हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, हे ठाणे-रायगडात कुणाला सांगायला नको. मंडप ठरला, बँजो ठरला, जेवणवाला ठरला. अडलं ते पत्रिकेवर.

आमच्याकडं पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून एक रकाना असतो. आमदार, खासदार, माजी नगरसेवक, विभागप्रमुख, शाखाप्रमुख. काही पत्रिकांत नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात, एवढी पुढाऱ्यांची यादी. भाऊ माझा चाळीस वर्षांचा शिवसैनिक, २०२२ नंतर तो मशालवाला झाला. त्याचा मुलगा, म्हणजे नवरीचा सख्खा भाऊ, धनुष्यबाणवाला. दोघं एकाच छपराखाली राहतात, एकाच चुलीवरचं जेवतात. पण तीन वर्षं त्यांचं बोलणं माझ्या वहिनीमार्फत चालतं. बापाची यादी वेगळी, पोराची यादी वेगळी. एकाचं नाव असेल तर दुसऱ्याचं नको. दोन्ही नावं घातली तर दोन्ही पुढारी येणार नाहीत, अशी दोघांनाही भीती.

मी घरात मोठा, म्हणून माझ्याकडं न्यायनिवाडा आला. भाऊ म्हणाला, “दादा, तूच सांग. खरी शिवसेना कंची?” पुतण्या म्हणाला, “मोठे बाबा, निवडणूक आयोगाचा निकाल आहे. यात सांगायचं काय?” मी गप्प बसलो. तेव्हा दोघंही एकदमच माझ्यावर उलटले, “मग तू कोनाचा?”

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. माझ्या बापालाही विचारला जायचा. उत्तर मात्र प्रत्येक वीस वर्षांनी बदललं. माणूस बदलला नाही, तरी त्याला चिकटवलेलं नाव बदललं. ते कसं बदलत गेलं हे मला आठवतं तसं लिहून ठेवतो. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. राजकारणाचा अभ्यास नाही. पण सत्तर वर्षांचा हिशोब आमच्या एकाच ओटीवर झालेला आहे.

आमचं गाव डोंबिवलीच्या बाहेर, ज्यांना आता सगळे ‘सत्तावीस गावं’ म्हणतात त्यातलं एक. शेत खाडीच्या बाजूला. माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, लाल बावट्यावाले. म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप केला आणि सहा वर्षं जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. बाबासाहेब आंबेडकर तिथं जाऊन आले आणि १९३७ साली त्यांनी खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. या गोष्टी नानांना पाठ होत्या. आमच्या आजीचं माहेर तिकडचं, त्यामुळं त्या गोष्टी आमच्या घरात रामायणासारख्या सांगितल्या जात.

आम्ही कुळं. जमीन कसायची आमच्या आजोबांनी, नाव सावकाराचं. पीक आलं की अर्धं, कधी अर्ध्यापेक्षा जास्त, त्याच्या घरी पोचवायचं. कूळकायदा १९४८ चा, पण आमच्या कामाला आला तो १९५६ ची दुरुस्ती झाल्यावर. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसतो तो मालक मानला जाणार, किंमत न्यायाधिकरण ठरवणार, ती हप्त्यानं फेडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याच्या आधी किती तरी सावकारांनी कुळांकडून ‘राजीखुशीने जमीन सोडली’ म्हणून कागदावर अंगठे घेतले होते. अंगठा देणाऱ्याला कागदात काय आहे ते माहीत नसायचं. आमच्या आजोबांचाही अंगठा मागायला माणूस आला होता. शेकापच्या एका कार्यकर्त्यानं आदल्या रात्री घरी येऊन सांगितलं होतं, काही झालं तरी कशावर अंगठा करू नका. म्हणून आमची जमीन राहिली. पुढं ३२-ग ची सुनावणी झाली, हप्ते फिटले आणि ३२-म चा दाखला मिळाला. तो दाखला माझ्या ट्रंकेत आहे.

नाना आयुष्यभर म्हणत, “लाल बावट्यानं जमीन दिली.”

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल की कायदा काँग्रेस सरकारनं केला. तसं आमच्या मास्तरांनी नानांना तोंडावर सांगितलं होतं. मास्तरांचं पुढं सांगतो. मास्तर म्हणाले, “नाना, लाल बावटा सरकारात होता कधी? कायदा काँग्रेसनं केला.” नाना म्हणाले, “कायदा कागदावर व्हता मास्तर. तो कागद आमच्या दारात कुनी आनला?” मास्तरांकडं त्याला उत्तर नव्हतं. पण नानांचंही पूर्ण बरोबर नव्हतं. कायदा झालाच नसता तर कार्यकर्ता काय घेऊन दारात आला असता? दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर होतं, आणि तो वाद पंचवीस वर्षं चालला.

त्याच १९५७ साली निवडणूक झाली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. काँग्रेस एका बाजूला आणि समिती दुसऱ्या बाजूला. समितीत कोण होतं बघा. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि जनसंघसुद्धा. आज टीव्हीवर जे एकमेकांचं तोंड बघणार नाहीत त्यांचे आजे-पणजे तेव्हा एका मांडवात होते. ठाण्यातून लोकसभेवर शामराव परुळेकर निवडून आले, कम्युनिस्ट. गोदावरीबाईंबरोबर वारल्यांच्या लढ्यात होते ते. त्याच ठाण्यानं वीस वर्षांनी, १९७७ साली, जनसंघाच्या रामभाऊ म्हाळगींना निवडून दिलं. हे वाचून कुणी म्हणेल, ठाण्याचे लोक फिरले. मी म्हणतो, माझा बाप फिरला नव्हता. त्यानं दोन्ही वेळी मत दिलं होतं, आणि दोन्ही वेळी कारण एकच होतं. वरचं सरकार आमचं ऐकत नाही.

लहानपणी आम्हाला पक्ष कळत नसत, निशाण्या कळत. त्या सगळ्या आमच्या ओळखीच्या. काँग्रेसची बैलजोडी, कम्युनिस्टांचा विळा-कणीस, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, जनसंघाची पणती. पुढं काँग्रेस फुटली तेव्हा इंदिराबाईंची गाय-वासरू आली. नंतर जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी. गोठ्यात उभं राहिलं तरी सगळे पक्ष दिसायचे. आता कमळ, हाताचा पंजा, घड्याळ, मशाल, इंजिन. आमच्या गावात बैलजोडीही राहिली नाही आणि नांगरही. निशाणीतनं शेत गेलं, त्याच्या मागोमाग खरोखरचं शेत गेलं.

मी डोंबिवलीत शाळेत जायचो. घरी दोन म्हशी होत्या. सकाळी दुधाची किटली सायकलला लावून स्टेशनजवळच्या चाळींतून रतीब घालायचा आणि मग शाळेत बसायचं. रतीबाच्या घरांत एक मास्तरांचं घर होतं. दोन खोल्या, भिंतीवर शिवाजी महाराज, कोपऱ्यात दंड उभा. मास्तर संघाचे आणि जनसंघाचे. डोंबिवलीत तेव्हा अशी घरं पुष्कळ होती. पण बाहेर त्यांना कुणी विचारत नसे. १९७१ ला लोकसभेत इंदिराबाईंची लाट आली, १९७२ ला विधानसभेतही काँग्रेसच. त्या सुमारास मास्तरांच्या दारात उभा राहून एक काँग्रेसवाला म्हणत होता, “मास्तर, तुम्ही हुशार माणूस. कडेला कुठं पडून राहिलात? मुख्य प्रवाहात या.” मी मापानं दूध घालत होतो. ‘मुख्य प्रवाह’ हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. मास्तर हसले आणि म्हणाले, “दूध घेतो आधी.”

नानांना गावाबाहेरचे लोक ‘भडक डोक्याचा लाल’ म्हणत. मास्तरांना ‘शेंडीवाला’ म्हणत. दोघंही काठावरचे. म्हणून की काय, दोघांचं जमायचं. रविवारी मास्तर दुधाचा हिशोब करायला सायकलवर आमच्याकडं येत. हिशोब पाच मिनिटांत व्हायचा आणि भांडण दोन तास चालायचं.

१९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यात मी पास झालो. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली. थोड्या दिवसांनी मी रतीबाला गेलो तर मास्तरांचं दार लोटलेलं होतं. बाई आत बसल्या होत्या. रात्री पोलीस आले आणि मास्तरांना मिसाखाली घेऊन गेले. शेजारच्या एका बिऱ्हाडानं मला हळूच सांगितलं, “पोरा, त्या घरी जास्त थांबू नकोस. तुझंही नाव लिहितील.” त्या महिन्यात बाई म्हणाल्या, “उद्यापासून अर्धा लिटर कमी कर. पुढच्या महिन्यापासून बंदच कर.”

मी घरी येऊन नानांना सांगितलं. नाना तंबाखू मळत होते. म्हणाले, “बंद करायचा नाय. कमी पन करायचा नाय. पैसं मागायचं नाय.” आई म्हणाली, “अहो, ते पनतीवालं ना?” नाना म्हणाले, “राजकारन त्याच्या जागी. पोरांच्या तोंडचं दूध कनाला तोडायचं?”

मास्तर दीड वर्ष आत होते. दीड वर्ष लाल बावट्याच्या घरचं दूध जनसंघाच्या घरी गेलं. सुटून आल्यावर पहिल्या रविवारी मास्तर वही घेऊन आले. बाईंनी रोजचं माप लिहून ठेवलं होतं. नाना पैसे घेईनात, मास्तर उठेनात. शेवटी मास्तर म्हणाले, “पैसे घेत नसाल तर धाकट्याला संध्याकाळी माझ्याकडं पाठवा. फुकट घेणं मला जमायचं नाही.” माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडं गणित आणि मराठी शिकला. पुढं तो शिवसेनेत गेला, ही गोष्ट वेगळी.

१९७७ ला नानांनी म्हाळगींना मत दिलं. ते स्वतः येरवड्यात राहून आलेले. पणती विझली होती आणि तिच्या जागी नांगर घेतलेला शेतकरी आला होता. नाना म्हणाले, “निशानी तर आपलीच हाय.” शेकापही त्या वेळी जनता पक्षाच्या बरोबर होता, कुलाब्यातून दि. बा. पाटील लोकसभेत गेले. १९७८ ला राज्यात शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. त्यात काँग्रेसमधून फुटलेले, जनसंघातून जनता पक्षात आलेले, शेकापवाले, सगळे. कल्याणहून जनता पक्षाचे राम कापसे आमदार झाले. ते रुईया कॉलेजात मराठी शिकवायचे. मास्तर म्हणाले, “नाना, आता तुम्ही-आम्ही दोघंही मुख्य प्रवाहात आलो.” नाना म्हणाले, “किती दिस?”

दोन वर्षं सुद्धा नाही. जनसंघातून आलेल्यांनी संघ सोडावा की नाही यावर जनता पक्ष फुटला. १९८० च्या एप्रिलमध्ये भारतीय जनता पक्ष निघाला. त्या नव्या पक्षानं सुरुवातीला ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. हे आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. मास्तरांनाही तेव्हा नीट पचलं नव्हतं. नाना त्यांना चिडवायचे, “मास्तर, समाजवादी झालात! आता बावटा लाल करा.” १९८० ला मी पहिलं मत दिलं. तेव्हा एकवीस वर्षं पुरी लागत. कुणाला दिलं ते इथं लिहीत नाही. घरात तिघांनी तीन ठिकाणी दिलं होतं, एवढं सांगतो.

मग भावाची वेळ आली. १९८४-८५ च्या सुमारास आमच्या बाजूला शिवसेनेच्या शाखा निघाल्या. ठाण्याची नगरपालिका सेनेनं १९६७ लाच जिंकली होती, पण आमच्या गावांत ती उशिरा आली. भाऊ का गेला? त्याला एमआयडीसीत काम लागत नव्हतं. कारखाने आमच्या जमिनींवर आणि कामगार बाहेरचे, असा राग पोरांच्या पोटात होता. लाल बावट्याच्या सभेत भाषण व्हायचं. शाखेत गेलं की कुणीतरी उठून बरोबर यायचं. दवाखान्यात खाट मिळवून द्यायची, शाळेत दाखला काढून द्यायचा. आनंद दिघे यांच्याकडं रात्री दोन वाजता लोक जात, हे ठाणे जिल्ह्यात घरोघर माहीत आहे. नाना चार दिवस भावाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, “आपल्या बाच्या दारात रातचा मानूस आलता तो लाल बावट्याचा व्हता. आता रातचा मानूस ह्यांचा येतो. पोराचं काय चुकलं?”

भाऊ मात्र सेना म्हणजे एकच रंग मानायचा. त्याला मी जुनं दाखवायचो. १९६८ ला मुंबईच्या महापालिका निवडणुकीत सेनेची युती प्रजासमाजवाद्यांशी होती. आणीबाणीला सेनेनं पाठिंबा दिला होता, म्हणजे त्याच्या मास्तरांना आत टाकणाऱ्या सरकारला. १९८४ ला मनोहर जोशी लोकसभेला कमळावर उभे होते. भाजपशी पक्की युती १९८९ ची. भाऊ चिडायचा, “दादा, तुला भूतकाळाची लई हौस.” हौस नव्हती. ज्याला आपण आज पहिल्यापासूनचं समजतो ते काल दुसरंच होतं, एवढंच मला म्हणायचं होतं.

पुढं मास्तरांचा पक्ष वाढला. १९९६ ला तेरा दिवस आणि १९९८ पासून नीट, वाजपेयी पंतप्रधान झाले. त्या सुमारास मास्तर नानांना म्हणाले, “नाना, लाल बावटा संपला. आता तरी मुख्य प्रवाहात या.” पंचवीस वर्षांपूर्वी काँग्रेसवाल्यानं त्यांच्याच दारात म्हटलेलं वाक्य. मी त्यांना आठवण करून दिली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. नाना तेव्हा आजारी होते, खाटेवरूनच बोलले, “मास्तर, आमची खाडी सा घंटं वर जाते, सा घंटं खाली येते. होडीवाला पानी बगून होडी सोडतो. पन शेताचा बांध पानी बगून हलवत नाय कोन.”

त्याच पावसाळ्यात नाना गेले. मास्तर अंत्यविधीला आले होते, थकले होते. पुढं पाचेक वर्षांनी तेही गेले. शेवटी-शेवटी मला म्हणाले होते, “आता पक्षात इतकी माणसं आली, की कार्यालयात मला कुणी ओळखत नाही. काठावर होतो तेव्हा सगळे ओळखायचे.”

हे झालं पक्षांचं. आता गावाचं सांगतो, कारण मुख्य प्रवाह कशाला म्हणायचं हे मला तिथं कळलं.

१९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली आणि आमची गावं त्यात घातली गेली. आम्हाला कुणी विचारलं नाही. बारा वर्षं प्रशासक, पहिली निवडणूक १९९५ ला. कर आला, पाणी आलं नाही. गावठाणाच्या घरांना बेकायदा म्हणायला लागले. तेव्हा सगळ्या पक्षांची माणसं देवळात बसली आणि संघर्ष समिती उभी राहिली. २००२ ला गावं महापालिकेतून बाहेर पडली. २०१५ ला १ जूनपासून पुन्हा आत. त्या वर्षी सेना आणि भाजप राज्यात एकत्र, पण इथं एकमेकांविरुद्ध लढले, सेनेच्या ५२ जागा, भाजपच्या ४२. नंतर सत्तेत पुन्हा एकत्र. २०२० च्या मार्चमध्ये अठरा गावं वगळायचं ठरलं, डिसेंबरात उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. आत, बाहेर, आत, अर्धे बाहेर, पुन्हा आत. या काळात राज्यात काँग्रेसचं सरकार येऊन गेलं, युतीचं आलं, आघाडीचं आलं. प्रत्येकाच्या वेळी आमची मागणी एकच होती: आमचं आम्हाला ठरवू द्या, पाणी द्या, घरं कायदेशीर करा. ती मागणी कुठल्याही सरकारच्या मुख्य प्रवाहात बसली नाही. टीव्हीवर ज्या विषयांवर पक्ष भांडतात त्यात आमचा विषय कधी नव्हता. आणि आमच्या देवळात ज्या विषयावर पक्ष भांडत नव्हते तोच आमच्या जगण्याचा होता.

पण इथं मला एक कबूल केलं पाहिजे. ‘सर्वपक्षीय’ असं आम्ही मोठ्या अभिमानानं म्हणायचो. आमच्या गावच्या त्या बैठकींना बौद्धवाड्यातलं कुणी नसायचं. बाई तर एकही नसायची. रिपब्लिकन पक्षाचा माझ्या वयाचा एक माणूस होता, माझ्याच वर्गात शिकलेला. आम्ही त्याला ‘हत्तीवाला’ म्हणायचो, नावानं नाही. एकदा त्यानं मला रस्त्यात विचारलं, “तुमच्या सर्वपक्षीयात आमचा पक्ष धरता की नाही? कर आम्हीही भरतो.” मी म्हणालो, “पुढच्या वेळी सांगतो.” पुढच्या वेळी मी सांगितलं नाही. चरीला बाबासाहेब आले होते म्हणून नाना छाती पुढं काढत, आणि मी त्यांच्या माणसाला देवळाच्या पायरीपर्यंतही बोलावलं नाही. आम्हाला वरच्या प्रवाहात घेत नाहीत म्हणून ओरडणारे आम्ही, आमच्या गावात आम्हीही कुणाला तरी काठावर बसवलं होतं. हे मला साठी उलटल्यावर कळलं. तो आता नाही, त्यामुळं माफी मागायची राहिली.

२०२१ ला नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावाचा प्रश्न निघाला. सिडकोनं बाळासाहेब ठाकरेंचं नाव ठरवलं, भूमिपुत्रांनी दि. बा. पाटलांचं मागितलं. १९८४ च्या जानेवारीत जासईला झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. २४ जून हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सिडको भवनावर मोर्चा निघाला. आमच्या गावांतून गाड्या गेल्या. त्यात भाजपवाले होते, शेकापवाले होते, मनसेवाले होते.

भावाची पंचाईत झाली. मुख्यमंत्री त्याच्या पक्षाचे. नाव त्याच्या दैवताचं. आणि दुसरीकडं नाना ज्यांचं नाव घेऊन झोपायचे ते दि. बा. उतारवयात दि. बा. स्वतः शिवसेनेत गेले होते, हेही भावाला ठाऊक. आदल्या रात्री तो ओटीवर बराच वेळ बसून राहिला. मोर्चाला आला नाही. पण पहाटे माझ्या उशाशी त्याच्या टेम्पोची चावी ठेवलेली होती, आणि टाकी भरलेली होती. पुढच्या वर्षी, २९ जून २०२२ ला, ठाकरे सरकारनं आपल्या शेवटच्या बैठकीत दि. बां.च्याच नावाला मंजुरी दिली. त्या रात्री भाऊ मला म्हणाला, “बगितलंस?” आणि लगेच टीव्ही बंद केला, कारण त्याच रात्री त्याच्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

तिथून घर फुटलं. पुतण्या शिंदेसाहेबांबरोबर गेला. त्याचं म्हणणं, काम होतं, रस्ता होतो, फोन उचलला जातो. भावाचं म्हणणं, बापाचं नाव टाकून जात नसतात. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. भावानं त्या दिवशी घरावरचा जुना बोर्ड काढला नाही आणि पुतण्यानंही काढू दिला नाही. बोर्ड एकच, मालक दोन. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीचंही तेच झालं, घड्याळ एकाकडं, तुतारी दुसऱ्याकडं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. त्यात एक तृतीयांश फुटले तर चालायचं, ती सोय २००३ च्या दुरुस्तीनं काढली. तरी फुटायचे ते फुटलेच. आता फुटणारा म्हणतो, आम्ही फुटलो नाही, पक्षच आमच्याकडं आला.

मग शिक्का काही कामाचा नाही का? सगळे सारखेच का? तसं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. आजोबांच्या दारात रात्री जो आला त्याच्या खांद्यावर एक बावटा होता, म्हणूनच तो आला होता. मास्तर एका शिक्क्यासाठी दीड वर्ष तुरुंगात राहिले. त्या शिक्क्याला किंमत होती, कारण तो लावणारा माणूस त्याची किंमत भरत होता. शिक्का बघून पुढचा माणूस काय करील हे सांगता यायचं. आता सांगता येत नाही, म्हणून भांडण शिक्क्यावरूनच होतं. आणि मुख्य प्रवाह म्हणाल, तर माझ्या आयुष्यात तो तीनदा तरी बदलला. प्रत्येक वेळी त्यात असलेल्याला वाटलं की तो पहिल्यापासून तिथंच वाहत होता.

लग्नाच्या पत्रिकेचं काय झालं ते सांगून थांबतो. बाप आणि पोरगा दोघंही हट्टाला पेटले, तेव्हा नवरी बाहेर आली. ती डोंबिवलीत बँकेत काम करते. म्हणाली, “ही माझ्या लग्नाची पत्रिका आहे की पक्षाची? दोघांनी आपापल्या वेगळ्या छापा. माझी मी छापते.” तिनं छापली. वर एकवीरा आई, खाली दोन्ही घरची माणसं. तिच्या आजोबांचं, म्हणजे नानांचं, नाव पहिलं. पुढाऱ्यांच्या रकान्याच्या जागी जेवणाची वेळ.

हळदीला दोन्हीकडचे पुढारी आलेच. पत्रिकेत नाव नसलं तरी येतात. पुतण्याच्या बाजूचा मोठा माणूस मांडवात आला तेव्हा बँजो क्षणभर थांबला. नवरीचा बाप म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ते भावानंच. सगळे त्याच्याकडं बघत होते. भाऊ उठला, शाल दिली, नारळ दिला, “जेवून जा” म्हणाला. मग तो माझ्याजवळ येऊन बसला आणि पुतण्या ताट घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. “बाबा, जेवा,” म्हणाला. वहिनीमार्फत नव्हे, सरळ. भाऊ त्याच्याशी काही बोलला नाही. पण ताट घेतलं.

ती पत्रिका मी ट्रंकेत ठेवली आहे, ३२-म च्या दाखल्याच्या वर.